छत्तीस सेंटिमीटर

आप्पा,

तुम्ही गेल्याचं मला हजीऱ्याच्या रस्त्यावर कळलं. एका कारखान्याच्या कुंपणाची मोजणी चालली होती. मी उपग्रहाच्या रिसीव्हरचा खांब धरून उभी होते आणि तुमच्या मुलाचा, संजयचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, की आप्पा गेले, सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी गेले. मी फोन ठेवला आणि खांब तसाच सरळ धरून उभी राहिले. बरोबरची मुलगी दोनदा म्हणाली, मॅडम, पॉइंट कधीच झाला, उचला. मला उचलता येईना. तुमच्याबरोबर काम करताना एका जागी तास-दीड तास थांबायची सवय लागली होती. ती अंगात कुठेतरी राहिली असेल.

आज पंधरा दिवस झाले. हे पत्र नाही. पत्राला तुम्ही उत्तर दिलं असतंत आणि त्यात नक्की वाद घातला असता. पहिल्यांदाच असं होतंय की मी बोलणार आणि तुम्ही मधे तोडणार नाही. मला ते अजिबात आवडलेलं नाही.

आपली ओळख झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, बाबा सुरतेत उधन्याला लूमवर कामाला, आणि आमच्या गल्लीतली ऑफिसात नोकरी करणारी मी पहिली मुलगी. नवीनभाई शेठच्या सर्व्हेच्या ऑफिसात मला घेतलं ते कॉम्प्युटर येतो म्हणून. तुम्ही तेव्हा पन्नाशीला आला होता. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेला आलात, पंचवीस वर्षं कालव्यांच्या कामावर लेव्हल घेतलीत. डोळ्याला दुर्बीण लावून समोरच्या उभ्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, पुढे सरकायचं, परत वाचायचा. अशी मैलोन्‌मैल जमीन तुम्ही चढ-उतारासकट तोंडपाठ केली होती.

पहिल्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून विचारलंत, "हाई कोनी पोर शे?" ऑफिसात सगळं गुजराती नाहीतर हिंदी चालायचं. मी मान वर न करता अहिराणीतच सांगितलं, उधन्याच्या पाटलांची. तुम्ही आत येऊन बसलात. त्या दिवसापासून आपली दोघांची ऑफिसात एक वेगळी भाषा झाली. शेठला ती कळायची नाही आणि त्याला वाटायचं आपण त्याच्याबद्दलच बोलतोय. कधीकधी बोलतही होतो.

मग ती दोन यंत्रं आली. आज कुणाला सांगितलं तर हसतात. लाकडी खोक्यात स्पंजमध्ये गुंडाळलेले दोन करडे डबे, प्रत्येकाला ताटाएवढी गोल अँटेना, जाड केबल आणि गाडीची बॅटरी. शेठने नारळ फोडला, कुंकू लावलं, अँटेनावर अक्षता टाकल्या. त्या मी नंतर ब्रशने काढल्या. आकाशात उपग्रह फिरतात, त्यांचे इशारे हा डबा ऐकतो आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते सांगतो, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. मलाही ते आठवड्यापूर्वीच कळलेलं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, की उपग्रहाला तो स्वतः कुठे आहे ते कोण सांगतं. मला येईना. कंपनीच्या इंजिनियरला फोन करून दोन दिवसांनी उत्तर आणलं, की जमिनीवर ठिकठिकाणी केंद्रं आहेत, ती उपग्रहांवर नजर ठेवतात आणि त्यांची जागा त्यांना कळवतात. तुम्हाला इतका आनंद झाला. म्हणालात, म्हणजे शेवटी खालीच कुणीतरी मोजतंय.

तुम्हाला नव्याचा राग होता असं पुढे लोक म्हणायचे. मला ते तेव्हाही पटलं नाही. ऑफिसात त्या डब्याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न तुम्ही विचारलेत. बाकीच्यांनी बटण कुठलं दाबायचं तेवढंच विचारलं.

काम असं चालायचं. एक डबा उंची-जागा माहीत असलेल्या पक्क्या दगडावर ठेवायचा, दुसरा जिथलं मोजायचं तिथे. दोन्ही एकाच वेळी चालू करायचे. मोबाइल नव्हते, त्यामुळे सकाळी ऑफिसात घड्याळं जुळवायची. कुठल्या वेळी डोक्यावर पुरेसे उपग्रह असतील त्याचा छापील कागद असायचा, आणि ते असायचे भर बाराच्या उन्हात. पक्क्या दगडावर बहुतेक ऑफिसातला हरीश बसायचा, आपण दोघं दुसऱ्या डब्याबरोबर हिंडायचो. अँटेनाचं तीन पायांचं तिकाटणं लावलं, ते सपाट आहे हे दाखवणारा अँटेनाखालचा बबल मधोमध आणला, दगडापासून अँटेनापर्यंतची उंची टेपने मोजून वहीत लिहिली, की पुढचा सव्वा तास काही करायचं नाही. म्हैस जवळ येऊ द्यायची नाही एवढंच.

त्या सव्वा-सव्वा तासांत मला तुम्ही सापडलात, आप्पा. बांधावर छत्री उघडून आपण बसायचो. तुमच्या घरून सिंधूकाकूंनी जेवणाच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा दिलेला असायचा. तुम्ही मला जमीन वाचायला शिकवलंत. गवत कुठे दाट आहे ते बघ, घरांच्या जोत्यावर मागच्या पाण्याची रेघ कुठवर आहे ते बघ, म्हाताऱ्या बाईला विचार की पाऊस झाला की कुठलं दार आधी भिजतं. मी तुम्हाला अक्षांश-रेखांश शिकवले. आपला सगळ्यात मोठा वाद मात्र उंचीवरून. मी म्हणायची, डबा जागा देतो तशीच उंचीही देतो, आता लेव्हल खांद्यावर घेऊन हिंडायचे दिवस संपले. तुम्ही म्हणायचात, जागा मानतो, उंची मानणार नाही. "पानी आभायनं ऐकत नही." पाणी आभाळाचं ऐकत नाही, ते जमिनीचं ऐकतं. मी तुम्हाला हट्टी म्हटलं होतं. तोंडावर म्हटलं होतं.

मग उधन्याच्या मागच्या वस्तीतल्या नाल्याचं काम आलं. खानदेशातली, अकोल्याकडची, मराठवाड्यातली माणसं तिथे दाटीने राहायची. लूमवरचे कामगार, बांधकामावरच्या बाया. दर पावसात घरात गुडघाभर पाणी यायचं. आता सिमेंटचा नाला बांधून ते पाणी खाडीत सोडायचं ठरलं होतं आणि त्यासाठी वस्तीभर आठ ठिकाणी दगड रोवून त्यांच्या उंच्या हव्या होत्या. सगळं सपाट. उतार इतका थोडा, की हातभर इकडचं तिकडे झालं तर पाणी जागच्या जागी थांबेल.

तुम्ही शेठला म्हणालात, इथे लेव्हलच लावू, दोन आठवडे द्या. मी म्हणाले, डब्याने तीन दिवसांत होईल. शेठने माझं ऐकलं. पावसाळा तोंडावर होता, त्यालाही घाई होती. त्याच आठवड्यात हरीश लग्नासाठी गावी गेला, म्हणून कामरेजच्या कालव्याकाठच्या पक्क्या दगडापाशी तुम्ही बसलात आणि वस्तीत डबा घेऊन मी एकटी हिंडले.

तीन दिवसांत काम झालं. मी रात्रीचा दिवस न करता, व्यवस्थित, दिवसाउजेडी केलं होतं आणि मला माझा अभिमान वाटत होता. आकडे गेले, नकाशा गेला, महिन्याभरात खोदाई सुरू झाली.

नंतरचं मला सिंधूकाकूंकडून कळलं. तुम्ही ऑफिसातली जुनी लेव्हल घरी नेलीत आणि दोन रविवार त्या वस्तीत काढलेत. पट्टी धरायला माणूस लागतो, तर काकूंना नेलंत. काकू पदर खोचून, सगळ्या बायांच्या देखत, आठ दगडांवर ती उंच पट्टी धरून उभ्या राहिल्या. बाया हसत होत्या. तुम्ही त्यांना दुर्बिणीतून बघून हाताने खुणा करत होता, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. काकू सांगायच्या, लग्नात सुद्धा यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात. वही उघडलीत. पहिलं हे सांगितलंत, की सात दगडांवर तुझा आणि माझा आकडा बोटभराच्या आत जुळतोय, डबा खरंच चांगला आहे. किती सरळ मनाने सांगितलंत ते. मग म्हणालात, चौथ्या दगडावर तुझी उंची छत्तीस सेंटिमीटरने जास्त आहे.

मी उसळले. पट्टी कलली असेल म्हटलं. काकूंना काय कळतं, हेही म्हटलं, त्याची मला अजून लाज वाटते. तुम्ही शांतपणे वही पुढे केलीत. शेवटच्या दगडापासून तुम्ही परत पहिल्या दगडापर्यंत मोजत आला होता आणि फरक फक्त सहा मिलिमीटरचा होता. मग मी माझी वही काढली. चौथ्या दगडासमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, अँटेनाची उंची एक पूर्णांक सव्वीस मीटर. मी म्हणाले, हे बघा, सगळं बरोबर आहे.

तुम्ही त्या आकड्यावर बोट ठेवलंत. मग विचारलंत, "बबल कसा दखा व्हता तू?"

बबल कसा पाहिला होतास. एवढंच. आणि मला तो दगड आठवला. बाजूला एका घराची भिंत होती, तिच्या वरून अँटेनाला आकाश दिसावं म्हणून मी तिकाटण्याचे पाय पुरते ओढले होते. मी पाच फूट उंच. बबल दिसेना. टाचा उंचावून दिसेना. तेव्हा बांधकामावरून आलेल्या एका अकोल्याकडच्या बाईने आपलं घमेलं पालथं घातलं आणि म्हणाली, चढा याच्यावर. मी घमेल्यावर उभं राहून बबल मधे आणला होता. सव्वा मीटरवरची वस्तू बघायला कुणी घमेल्यावर चढत नाही. ती माझ्या छातीशी आली असती. टेप वाचताना ती एक पूर्णांक बासष्ट होती, वहीत उतरवताना सव्वीस झाली. सहा आणि दोन यांची अदलाबदल. कदाचित ती बाई माझ्याशी बोलत होती, कदाचित ऊन होतं. काही कारण नव्हतं, आप्पा. माझंच चुकलं होतं.

दगड खरा होता त्यापेक्षा छत्तीस सेंटिमीटर उंच धरला गेला, म्हणजे तिथून माप घेऊन खोदलेला नाल्याचा तळ तेवढाच जास्त खोल जाणार होता. नाल्याच्या मधोमध एक खड्डा. वरच्या घरांचं पाणी येऊन त्यात थांबणार, गाळ साचणार आणि पहिल्या मोठ्या पावसात उलटं घरात शिरणार. तुम्ही सांगितलंत की खोदाई चौथ्या दगडाच्या पुढे गेली आहे आणि उद्यापासून सिमेंट ओतणार आहेत.

वस्ती डोळ्यांसमोर आली, पण खरं सांगते, त्याआधी नोकरी डोळ्यांसमोर आली. बाबांनी एक वर्षासाठी परवानगी दिली होती. घरात रोज कुणीतरी स्थळ आणत होतं. शेठला मुलीला साइटवर पाठवायचंच नव्हतं, तुम्हीच त्याला म्हणाला होता की जाऊ दे.

तुम्ही उठलात आणि शेठच्या खोलीत गेलात. मी मागे आले आणि दाराशी थांबले. तुम्ही काय झालं ते सांगितलंत, काम ताबडतोब थांबवायला सांगितलंत. शेठने माझी वही हातात घेतली आणि विचारलं, कोणे लख्युं? कुणी लिहिलं?

तुम्ही म्हणालात, "बरोबर मी होतो. टेप मी वाचली, तिने लिहिली. वाचायला माझी चूक झाली."

शेठ तुमच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी दाराशी होते, आप्पा. बोलायला वेळ होता. पंख्याचा आवाज येत होता आणि मी नुसती उभी होते.

सिमेंट ओतणं थांबलं. तळ भरून सारखा करून घेतला. त्या पावसाळ्यात मी मुद्दाम वस्तीत गेले, नाल्यातलं पाणी संथपणे पण न थांबता खाडीकडे जात होतं. घमेलंवाली बाई दारात बसून भाजी निवडत होती. तिचा उंबरा कोरडा होता. ती म्हणाली, ताई, यंदा चूल उचलून ठेवावी लागली नाही. मला तिच्याशी धड बोलता आलं नाही.

चुकीचा जाब कुणीतरी विचारणारच होतं, आणि शेठने ज्यांचं काम होतं त्यांना तुमचं नाव सांगितलं. जुना माणूस आहे, नवं यंत्र हातात आलं, गोंधळ झाला. त्यांचं समाधान झालं. त्याच महिन्यात त्या डब्यांच्या प्रशिक्षणासाठी दोघांना अहमदाबादला पाठवायचं होतं, तुम्हाला आणि मला. तुम्ही त्यासाठी नवा शर्ट-पँट शिवून घेतला होता, इंग्रजी पुस्तकातले शब्द माझ्याकडून मराठीत लिहून घेतले होते. शेठने तुमचं नाव काढलं. मी एकटी गेले. परत आल्यावर कळलं की तुम्ही यापुढे डब्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. तो नवा शर्ट तुम्ही गल्लीच्या गणपतीच्या स्थापनेला घातलात.

पुढची दहा-बारा वर्षं तुम्ही माझ्याबरोबर कामावर आलात, तिकाटणं उचललंत, छत्री धरलीत, म्हशी हाकलल्यात. बटण कधी दाबलं नाहीत. मी एकदा म्हणाले, कुणी बघत नाही, लावा तुम्ही. तुम्ही मान हलवलीत. शेठला शब्द दिलाय म्हणालात. मी दोनदा तुमच्याकडे विषय काढला, की मी शेठला खरं सांगते. दोन्ही वेळा तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत आणि तिसऱ्या वेळी मीच काढला नाही. माझी बढती होत गेली. मी सोयीने गप्प बसायला शिकले आणि त्यालाच तुमची इच्छा समजू लागले.

तुमच्या निरोपाच्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. ऑफिसात पंधरा-वीस माणसं, नाश्त्याला सुरती लोचोच्या प्लेट, तुमच्या गळ्यात हार. घरचं कुणी नव्हतं, तुम्हीच कुणाला आणलं नव्हतं. नव्याने आलेल्या एका पोराने भाषणात गमतीने म्हटलं, आप्पांना एवढे उपग्रह मिळूनसुद्धा एक टेप वाचता आली नाही. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मी उठले आणि सगळं सांगितलं. घमेलं, सहा आणि दोन, दाराशी उभं राहणं, सगळं. बोलताना रडले.

शेठ म्हणाला, मने खबर हती. मला माहीत होतं. त्या दिवशी कामरेजच्या दगडावरच्या नोंदीवर तुमची सही होती, ती त्याच्या खणातच होती. वीस किलोमीटर लांब बसलेला माणूस वस्तीतली टेप वाचेल कसा? त्याला दोघांपैकी एकालाच डब्यावर ठेवायचं होतं आणि कॉम्प्युटर मला येत होता. त्याला तुमचं खोटं सोयीचं पडलं.

मला वाटलं होतं तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवाल. तुम्ही हार काढून टेबलावर ठेवलात आणि जिना उतरलात. मी मागे धावले. खाली रिक्षांच्या गर्दीत तुम्ही वळलात. तुम्हाला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र हळू होता.

"मी तुला एक गोष्ट दिली होती. तू ती आज चारचौघांत परत केलीस." मग थोडं थांबून विचारलंत, "कुणासाठी बोललीस? माझ्यासाठी का तुझ्यासाठी?"

तुम्ही रिक्षात बसलात.

आठ महिने आपण बोललो नाही. मी घरी आले की तुम्ही भाजी आणायला निघायचात. काकू चहा द्यायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मला तुमचा राग यायचा. मी खरं बोलले होते, सगळ्यांसमोर स्वतःला कमी करून घेतलं होतं, आणि वर मीच गुन्हेगार? मनात तुमच्याशी इतकी भांडले, की ती भांडणं प्रत्यक्षात झाली असती तर आपण दोघंही दमून गेलो असतो.

नंतर मी नवीनभाईंकडची नोकरी सोडून स्वतःचं छोटं ऑफिस काढलं. पूजेला तुम्हाला बोलवायची हिंमत झाली नाही, काकूंना बोलवलं. काकूंच्या मागे तुम्ही आलात. माझ्या टेबलावर हात फिरवलात, ते जरा डुगडुगत होतं. खिशातून कागद काढून त्याची घडी केलीत, खाली वाकून एका पायाखाली सरकवलीत, परत हात ठेवून पाहिलंत आणि मला म्हणालात, "आते बठ." आता बस. मी बसले. तिथून आपलं बोलणं सुरू झालं. त्या दिवसाबद्दल मात्र पुन्हा कधी निघालं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. उंचीच्या वादात तुम्ही बरेचसे बरोबर होता. डबा जी उंची देतो ती एका मानलेल्या गुळगुळीत पृथ्वीपासूनची असते आणि पाणी खऱ्या, ओबडधोबड पृथ्वीवरून वाहतं. दोन्हींत फरक असतो, तो वेगळा काढून घ्यावा लागतो. हे मला अहमदाबादलाच शिकवलं होतं. परत आल्यावर मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला किती आनंद झाला असता. मी का सांगितलं नाही ते मला नीट माहीत आहे आणि ते लिहायला अवघड जातंय. मी आधीच एक हरले होते, दुसरं हरायचं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी मी आले होते तेव्हा तुम्हाला धाप लागत होती, पण कॉटवर उठून बसलात. मी नवा रिसीव्हर दाखवायला आणला होता, जेवणाच्या डब्याएवढा. तुम्ही तो मांडीवर घेतलात आणि पहिल्यांदाच, न विचारता, बटण दाबलंत. दिवा लागला. आता किती वेळ बसावं लागतं, असं विचारलंत. मी सांगितलं, बसावं लागतच नाही, काही सेकंदांत होतं. तुम्ही त्या दिव्याकडे बघत म्हणालात, "मंग मानसं बोलतस कव्हय?" मग माणसं बोलतात कधी. मी हसले. घरी जाताना हसू आलं नाही. बसून राहायला हवं होतं त्या दिवशी, आणखी तासभर तरी. मला कामरेजला एक मोजणी होती.

परवा, तेराव्याला, तुमची गंधमुक्ती झाली. जेवणं उरकल्यावर माणसं ओट्यावर बसली होती. गावाकडचे तुमचे भाऊबंद होते, संजय होता, तुमची लेक रेखा नंदुरबारहून मुलांना घेऊन आली होती. तुमच्या आठवणी निघाल्या. संजय प्रेमानेच बोलत होता. म्हणाला, आप्पांचा हात कष्टाचा, पण नवीन मशीन त्यांना कधी जमलं नाही, मोठी चूक केली एकदा, मग शेठने शेवटपर्यंत स्टँडच उचलायला लावले. आम्ही लहान होतो, मित्र चिडवायचे, आम्ही पण आप्पांना चिडवायचो. रेखा डोळे पुसत हसली. म्हणाली, हो, आप्पा कधी रागावले नाहीत.

तुम्ही घरी खरं सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं, आप्पा. मला वाटत होतं ते खोटं ऑफिसापुरतं आहे. तुमची स्वतःची मुलं तुम्हाला चिडवत मोठी झाली आणि तुम्ही जेवत राहिलात.

मी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगायला सुरुवात केली. या वेळी रडले नाही. काहीही गाळलं नाही, काकूंना काय कळतं असं मी म्हटलं होतं तेही नाही. तुम्ही दोन रविवार ऊन खाऊन वस्तीची घरं कशी वाचवलीत ते सांगितलं. अहमदाबादसाठी शिवलेल्या शर्टाचं सांगितलं. उंचीच्या वादात तुम्ही बरोबर होता आणि मी लपवलं, तेही भाऊबंदांसमोर सांगितलं. त्यातल्या निम्म्यांना कळलं नाही, पण त्यांनी माना हलवल्या.

संजय म्हणाला, "मग आम्हाला का नाही सांगितलं त्यांनी?" काकू तेवढ्या म्हणाल्या, "पट्टी मी धरी व्हती." पट्टी मी धरली होती. त्या एवढंच बोलल्या, पण असं बोलल्या की रेखा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

तुम्ही असता तर आताही चप्पल घालून निघून गेला असता, हे मला माहीत आहे. त्या दिवशी रिक्षापाशी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. ते मी माझ्यासाठी बोलले होते, आप्पा. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून, आणि ते उतरलं, आणि त्यासाठी मी तुमच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं. तुमचा राग खरा होता.

परवाचं मात्र तुमच्यासाठी होतं. पुन्हा आठ महिने बोलणार नसाल तर नका बोलू.